सैल टोपण

आजोबांचं पार्कर ५१ खिशाला लावलं की टोपण खिशातच राहायचं आणि पेन खाली घसरायचं. १९४१ साली बाजारात आलेल्या या पेनाच्या टोपणाला आटे नसतात. आतल्या धातूच्या पातळ पट्ट्या पेनावरचं कडं धरून ठेवतात. ती पकडच गेली होती. टोपणात एसटीच्या तिकिटाची घडी सापडली. आजोबांनीच कोंबलेली. मला मात्र ते दर जूनला नवं पेन आणायचे.

टोपणाच्या माथ्यावरचा खडा फिरवून काढला, पट्ट्या बाहेर घेतल्या, किंचित आत दाबल्या. एकदम जोर लावला तर तुटतात. परत जोडलं. टोपण घट्ट बसलं.

आता तिकिटाची गरज नाही. ते फोनच्या कव्हरमागे ठेवलंय.