कुलूप, किल्ली आणि विमा

सायकल हे गरिबाचे वाहन, असे आपण सहज बोलून जातो. परंतु सोळा हजार रुपयांची गियरची सायकल दाराशी येऊन उभी राहिली की ते विधान थोडे तपासून घ्यावे लागते. आमच्या घरी सध्या दोन सायकली आहेत. एक वडिलांच्या काळातील काळी, दांडीची, मागे कॅरिअर असलेली. तिला नगरपालिकेचा बिल्ला लावण्याचे आणि रात्री दिवा नसला तर पोलिसाने अडविण्याचे दिवस घरातील वडीलधाऱ्यांना अजून आठवतात. दुसरी आमच्या लेकीने स्वतःच्या पगारातून गेल्या वर्षी घेतलेली. पहिलीकडे आजवर कोणी वाकड्या नजरेने पाहिले नाही. दुसरी मात्र घरात आली त्या दिवसापासून आमच्या झोपेचा विषय होऊन बसली.

टेंभी नाक्याच्या परिसरात जे राहतात त्यांना याचे कारण समजावून सांगायला नको. इमारती जुन्या, जिने अरुंद, तळमजल्यावर दुकाने. एका बाजूला जांभळी नाक्याची बाजारपेठ, दुसऱ्या बाजूला तलावपाळीची वर्दळ. नवरात्रात तर नाक्यावर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. सायकल ठेवायची ती जिन्याखाली, आणि जिन्याखालची जागा म्हणजे रस्त्याचाच एक कोपरा. फाटक आहे, पण ते लावण्याची जबाबदारी सर्वांची असल्यामुळे कोणाचीच नाही.

अशातच पावसाळ्यातील एका पहाटे आमच्या जिन्याखालून एक सायकल चोरीस गेली. ती आमची नव्हती. घरोघरी पाव पोहोचविणाऱ्या मुलाची होती. तो वर तिसऱ्या मजल्यावर पाव देऊन खाली येईपर्यंत पाच मिनिटेही गेली नसतील. पावाची पेटी तेवढी चोराने उतरवून भिंतीशी ठेवली होती! मुलाने आरडाओरड केली नाही. दुसऱ्या दिवशी तो पायी आला, खांद्यावर गोणपाटाची पिशवी घेऊन, तासभर उशिरा. "आंटी, आता काही दिवस उशीर होईल," एवढेच म्हणाला.

त्या दिवशी जेवताना लेकीने विषय काढला, "आपल्या सायकलीचा विमा उतरवू या का?" आणि पुढील दोन-तीन संध्याकाळी रोझरी आटोपली की आमच्या घरात याच प्रश्नावर सभा भरू लागली.

प्रथम कायदा पाहिला. स्कूटर, मोटारसायकल वा मोटार रस्त्यावर आणायची तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे विमा सक्तीचा आहे. पण ती सक्ती दुसऱ्या कोणाला इजा झाली तर तिच्या भरपाईपुरती आहे, आपल्या वाहनाच्या चोरीसाठी नव्हे. पायाने चालविण्याच्या सायकलीला तर तीही नाही. तेव्हा सायकलीचा विमा हा सर्वस्वी मर्जीचा मामला. तो मिळतो मात्र निश्चित. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन ज्या चार सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या, त्यांच्या गृहस्थांसाठीच्या पॉलिसीत आग, घरफोडी, दागिने, दूरदर्शन संच अशा विभागांच्या जोडीला सायकलीचाही एक छोटा विभाग असे. पुष्कळांनी ती पॉलिसी घेतली असेल आणि तो विभाग कधी वाचलाही नसेल. अलीकडे काही खाजगी कंपन्या केवळ सायकलीचा स्वतंत्र विमाही उतरवू लागल्या आहेत.

मग बारीक अक्षरे वाचली. विमा घेणाऱ्याने हे काम टाळू नये, कारण पॉलिसीचा आत्मा ठळक अक्षरांत नसतो. तेथे दोन शब्दांनी आम्हांस थांबविले: 'चोरी' आणि 'घरफोडी'. आपल्या बोलण्यात हे शब्द एकमेकांची जागा घेतात, विम्यात घेत नाहीत. कडी तोडून, कुलूप फोडून, बळजबरीने आत शिरून नेलेली वस्तू ही घरफोडीतील. उघड्या जिन्याखालून अलगद उचलून नेलेली वस्तू ही नुसती चोरी. २००४ साली 'युनायटेड इंडिया विरुद्ध हरचंद राय चंदन लाल' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पॉलिसीने घरफोडीची व्याख्या बळाच्या वापराशी जोडली असेल, तर बळाचा वापर झाल्यावाचून भरपाई मागता येत नाही. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूनेही पृथ्वीवरील संपत्तीविषयी बोलताना घर फोडणाऱ्या चोरांचा उल्लेख केला आहे. आमच्या जिन्याखालच्या चोराला फोडण्याचे कष्टसुद्धा पडले नसते, एवढाच फरक! म्हणजे सायकल केवळ 'घरातील वस्तू' म्हणून घरफोडीच्या विभागात घालून भागणार नाही. तिचा उल्लेख स्वतंत्र हवा, आणि घराबाहेर, रस्त्यावर, कचेरीच्या आवारात झालेली चोरीही त्यात यावयास हवी.

आणखी काही अटी ध्यानात आल्या. सायकल जागेवर राहिली आणि घंटा, दिवा, पंप तेवढे गेले, तर सामान्यतः भरपाई मिळत नाही. कुलूप लावलेले होते का, हे विचारले जाते. खरेदीची पावती लागते. सायकलीच्या सांगाड्यावर, बहुधा पायडलांच्या मधल्या दांड्याखाली, एक क्रमांक कोरलेला असतो. तो आपल्याजवळ लिहून ठेवलेला नसेल, तर हजार सायकलींतून आपली कोणती हे ना पोलिसाला सांगता येते, ना विमा कंपनीला.

मग हिशेब मांडला. समजा, सोळा हजारांच्या सायकलीला वर्षाचा हप्ता आठशे रुपये आहे आणि भरपाईतून पहिले एक हजार आपण सोसायचे आहेत. पहिल्या वर्षी सायकल गेली तर हाती येतील पंधरा हजार. म्हणजे दरसाल सुमारे एकोणीस सायकलींमागे एक चोरीस जात असेल, तरच हा सौदा बरोबरीत सुटतो. सायकल जुनी होते तशी तिची किंमत घटते. चौथ्या वर्षी ती आठ हजारांची धरली आणि हप्ता तोच राहिला, तर हाती येतील सात हजार, आणि बरोबरीसाठी नवांपैकी एक सायकल चोरीस जावी लागेल. आमचा नाका इतका वाईट खचित नाही! परंतु विमा हा नफ्यासाठी घ्यायचाच नसतो. जे नुकसान आपणांस पेलवणार नाही त्यासाठी तो असतो. लेकीची सायकल गेली तर ती दुःखी होईल, चार महिने काटकसर करील, तोवर रिक्षाने वा पायी कामावर जाईल. आमची चूल विझणार नाही.

येथे पोहोचलो आणि आमच्या डोळ्यांपुढे तो पाववाला मुलगा उभा राहिला. त्याची सायकल जुनी, कोणाकडून तरी साडेतीन हजारांना घेतलेली. पावती नाही, क्रमांक लिहिलेला नाही. तिचा विमा कोण उतरविणार? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत पाच हजारांहून कमी किमतीच्या वस्तूची चोरी अदखलपात्र मानली आहे. पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याने वस्तू वा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. भुकेपोटी हात मारणाऱ्याला तुरुंगात न धाडण्याची ही दया योग्यच आहे. परंतु त्याचा दुसरा अर्थ असा की सोळा हजारांच्या सायकलीसाठी पोलीस ठाण्यात प्राथमिक माहिती अहवाल लिहिला जाईल, तर साडेतीन हजारांच्या सायकलीसाठी केवळ अदखलपात्र नोंद होईल. आणि ती साडेतीन हजारांची वस्तू म्हणजेच त्या घरची चूल.

ही गोष्ट नवी नाही. व्हित्तोरियो दे सिका यांचा १९४८ सालचा 'बायसिकल थीव्हज' हा इटालियन चित्रपट १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतातील पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविला गेला होता. भिंतीवर जाहिराती चिकटविण्याचे काम मिळालेला नायक, त्याची सायकल सोडविण्यासाठी चादरी गहाण टाकणारी पत्नी, कामाच्या पहिल्याच दिवशी झालेली चोरी आणि बापलेकांची रोमभर वणवण. शेवटी तो स्वतःच सायकल चोरू पाहतो व पकडला जातो. पण त्या सायकलीचा मालक त्याला सोडून देतो. त्याच इटलीत, पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये पोप पायस बारावे यांनी गिसाल्लोच्या माउलीला सायकलस्वारांची आश्रयदात्री घोषित केले. कोमो सरोवराजवळच्या टेकडीवरील त्या लहानशा चॅपेलमध्ये मोठमोठ्या विजेत्यांच्या सायकली टांगलेल्या आहेत. चित्रपटातील त्या बापाच्या सायकलीसारख्या, कोणतीही शर्यत न जिंकलेल्या सायकलीही माउलीच्या छत्राखाली येत असतील, असा आमचा विश्वास आहे.

आम्ही काय ठरविले ते सांगतो. घरातील वस्तूंचा विमा आम्हांला करावयाचाच होता. त्यात सायकलीचा विभाग लेखी जोडून घेतला. चौथ्या वर्षी तो काढून टाकायचा, हेही ठरविले. स्वतंत्र पॉलिसी घेतली नाही. सायकलीला एकाऐवजी दोन कुलुपे आणली, आणि ती केवळ चाकाला न लावता सांगाड्यासह भिंतीतल्या लोखंडी कडीला लावू लागलो. पावती, क्रमांक आणि छायाचित्र एका पाकिटात ठेवले.

पाववाल्या मुलासाठी जिन्यावरील आठ बिऱ्हाडांनी मिळून एक वापरलेली सायकल घेतली, या वेळी पावतीसह. ती त्याने फुकट घेतली नाही. दर शनिवारी शंभर रुपये आणून देतो. ते पैसे कोणी परत वाटून घेतले नाहीत. एका डब्यात साठत आहेत, आणि प्रत्येक बिऱ्हाड महिन्याला त्यात वीस रुपये टाकते. कामवाली, इस्त्रीवाला, दूधवाला, यांपैकी ज्याचे रोजीरोटीचे साधन जाईल त्याच्यासाठी हा डबा. कायद्याच्या भाषेत हा विमा नव्हे. त्याला पॉलिसी नाही, बारीक अक्षरेही नाहीत. परंतु सर्वांनी थोडे थोडे द्यायचे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून सावरायचे, ही विम्यामागची मूळ कल्पना याहून वेगळी ती काय आहे?

आणि हो, फाटकाला आता किल्ल्या आठ आहेत. रात्री कोणी लावायचे याची पाळी जिन्यात लिहून लावली आहे. गेले चार महिने ती पाळली जात आहे. आमच्या इमारतीत ही गोष्ट कोणत्याही विम्याहून दुर्मिळ!