धुळीची गाळणी

आईच्या पदरावर, बरोबर नाकापाशी येणाऱ्या जागी, रोज सकाळी एक राखाडी गोल उमटायचा. केर काढायला वाकण्याआधी ती पदर नाकातोंडावरून ओढून घ्यायची, टोक दातांत धरायची आणि दोन्ही खोल्यांचा कोपरान् कोपरा झाडून झाला की पदर सोडून झटकायची. लहानपणी मला तो नुसता मळ वाटायचा. आमच्या घरातली धुळीची पहिली गाळणी तीच होती, हे कळायला फार वर्षं गेली.

यंदा मार्चमध्ये घरातला व्हॅक्यूम क्लीनर बंद पडला. मोटर जळली होती आणि त्या जुन्या मॉडेलचे सुटे भाग आता मिळत नाहीत म्हणे. नवा घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी मला तो राखाडी गोल आठवला.

वाईजवळच्या आजोळी धूळ एवढी छळत नसे. जमीन शेणानं सारवलेली. आजी झाडण्याआधी तांब्यातलं पाणी हातानं शिंपडायची, मग शिंदीच्या पानांची केरसुणी जमिनीला टेकवूनच ओढायची. आम्हा मुलींपैकी कुणी केरसुणी उचलून आपटली की ओरडायची, "अगं, केर काढतेस की उडवतेस?" अंगणाला हिरांचा खराटा वेगळा. केरसुणी म्हणजे लक्ष्मी. पाय लागला की नमस्कार करायचा, दिवेलागणीनंतर झाडायचं नाही, लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचं. हे सगळं आम्ही मनोभावे केलं. पण त्याहून मोलाचं मला आजीचं ते पाणी शिंपडणं वाटतं. धूळ हवेत जाऊच द्यायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ठाण्याला आलो आणि ते सुटलं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, समोर वाहता रस्ता, खाली मोझॅकच्या फरश्या आणि हातात फुलझाडू. हा झाडू ईशान्येकडच्या डोंगरांतल्या गवताच्या तुऱ्यांचा, मऊ, फरशीवरून अलगद फिरणारा. पण बारीक धूळ तो गोळा करतो त्याहून जास्त उडवतो. नवा असला की स्वतःचाच भुसा आठवडाभर सांडत राहतो. आईला दम्याचा त्रास इथेच सुरू झाला. संध्याकाळी ती पलंगाच्या कडेला हात टेकून बसायची आणि तिच्या छातीतली घरघर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायची. डॉक्टरांनी सांगितलं, "धुळीपासून लांब राहा." घरात पाच माणसं आणि झाडू एकीच्याच हातात. मग लांब राहायचं कसं? वडिलांनी किंवा आम्ही भावंडांनी तो तिच्या हातून कधी काढून घेतला नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते.

गाद्यांचंही तसंच. दर उन्हाळ्यात पिंजारी यायचा. त्याच्या धनुष्यासारख्या पिंजणाचा टणत्कार ऐकून गल्लीतली पोरं जमायची. जुना दडपलेला कापूस मोकळा होऊन ढगासारखा फुलायचा आणि त्याच्याभोवती उन्हात धुळीचा पडदा उभा राहायचा. गादीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, ते आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कणांवर जगतात आणि त्यांच्या विष्ठेनं दमा उसळतो, हे आम्हाला कुणाला माहीत होतं? आई त्या पडद्याशेजारी बसून खोळी शिवत असायची. तोंडावर पदर.

पुढे कधीतरी या यंत्राचा इतिहास वाचला आणि मी चकित झाले. लंडनमधल्या ह्युबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरनं 1901 साली आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याआधी त्यानं हवा फुंकून धूळ उडवणारं एक यंत्र पाहिलं होतं. उडालेली धूळ पुन्हा खालीच बसत होती. फुंकण्याऐवजी ओढून घेतली तर? एका उपाहारगृहात त्यानं खुर्चीच्या गादीवर हातरुमाल ठेवला, त्याला तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. रुमाल उलटला तर खालच्या बाजूला धूळ चिकटलेली. म्हणजे यंत्र पुढची गोष्ट, आधी कापड. त्याचं यंत्र घोडागाडीवर बसवलेलं असे. गाडी रस्त्यात उभी राही आणि लांबच लांब नळ्या खिडक्यांतून घरात शिरत. 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानंच साफ केले.

मला त्याहून जवळचा वाटतो तो अमेरिकेतला जेम्स मरे स्पँग्लर. ओहायोतल्या कँटन गावात एका दुकानाची झाडलोट करणारा, वयानं उतरलेला, आणि दमेकरी. झाडताना उडणाऱ्या धुळीनं त्याला जीव नकोसा व्हायचा. 1907 साली त्यानं पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि धूळ धरायला उशीचा अभ्रा जोडून हातानं ढकलता येणारं यंत्र बनवलं. पुढच्या वर्षी पेटंट घेतलं, ते हूवर नावाच्या कुटुंबानं विकत घेतलं आणि ते नाव जगभर झालं. पण मूळ यंत्र एका झाडूवाल्यानं स्वतःच्या छातीसाठी केलेलं होतं, हे मी विसरू शकत नाही.

1991 साली माझ्या पगारातून आमच्या घरात पहिला व्हॅक्यूम क्लीनर आला. दारावर आलेल्या मुलानं टाय सावरत आमची गादी साफ करून दाखवली आणि नळीला लावलेल्या काळ्या कापडावर पिठासारखी पांढरी धूळ बघून आई थक्क झाली. मला वाटलं, सुटली बिचारी. पण त्या यंत्राची पिशवी साध्या कापडाची होती. केर, केस, भुसा आत राहायचा आणि सगळ्यात बारीक धूळ विणीतून गळून मागच्या जाळीतून बाहेर पडायची. एका सकाळी खिडकीतून कवडसा आला होता. आई यंत्र फिरवत होती आणि त्या कवडशात, यंत्राच्या मागे, धूळ भांड्यातल्या वाफेसारखी वर चढत होती. त्यात भरलेली पिशवी गॅलरीत वर्तमानपत्रावर उपडी करायची, तीही आईनंच. त्या दिवशी संध्याकाळी दम्याचा पंप काढावा लागलाच. हळूहळू ते पहिलं यंत्र माळ्यावर गेलं. आई 2004 साली गेली. तोपर्यंत तिनं पदर सोडला नव्हता.

म्हणून या वेळी दुकानात गेले ती एकच प्रश्न घेऊन: आत गेलेली धूळ आतच राहते का?

दुकानातला मुलगा सारखा वॅट सांगत होता. "मॅडम, हा 2000 वॅटचा आहे." वॅट म्हणजे मोटर किती वीज खाते, किती ओढते ते नव्हे. युरोपनं घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर 2014 साली 1600 वॅटची आणि 2017 साली 900 वॅटची मर्यादा घातली. तिथली घरं त्यामुळे काही मळकी राहिली नाहीत. माझ्या परदेशातल्या मुलाचा आग्रह होता, आपोआप फिरणारा रोबो घे. आमच्या घराला उंबरे आहेत, पाटाखाली, पलंगाखाली सामान आहे. शिवाय रोबो गादीवर चढत नाही, आणि माझं भांडण गादीशी आहे. ह्यांना बिनवायरचा हवा होता. हलका खरा, पण डबा एवढासा, रोज रिकामा करायचा. रोज रिकामा करायचा म्हणजे रोज कुणीतरी ती धूळ तोंडाशी घ्यायची.

उरला प्रश्न गाळणीचा. खऱ्या हेपा फिल्टरमध्ये 0.3 मायक्रॉनचे कण 99.97 टक्के अडकतात. दहा हजारांतले तीन निसटतात. या जातीची गाळणी दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या कामात किरणोत्सारी कण अडवायला विकसित झाली. पण खोक्यावरच्या 'हेपा' आणि 'हेपासारखा' यांत फार अंतर आहे, आणि गाळणी कितीही चांगली असली तरी यंत्राच्या सांध्यांतून हवा निसटत असेल तर ती असून नसल्यासारखी.

माझ्याबरोबर बाई होत्या. बारा वर्षं आमच्याकडे येतात, घराचा केर त्या काढतात. यंत्र त्या चालवणार, मग निवडणारी मी एकटी कोण? त्यांनाही दोन वर्षांपासून खोकला आहे. घरून मी रांगोळीची पुडी आणि पांढरा रुमाल नेला होता. रांगोळी दुकानाच्या सतरंजीवर पसरली, रुमाल ओला करून पिळला आणि बाईंनी यंत्र सुरू केल्यावर मागच्या जाळीवर धरला. पहिल्या यंत्राला दोन मिनिटांत रुमालावर गोल उमटला. राखाडी, कडा पुसट. मी काही वेळ तो रुमाल हातात धरूनच उभी राहिले. दुसऱ्यालाही उमटला, जरा फिका. तिसऱ्याला काहीच नाही.

तिसऱ्यात एकदाच वापरायची, तोंड आपोआप मिटणारी पिशवी होती. ती महाग पडते आणि दर वेळी मागवावी लागते. बाईंनी यंत्र उचलून पाहिलं, नळी काढून पुन्हा लावली, आवाज ऐकला. म्हणाल्या, "काकू, हाच घ्या. ह्याचा केर मला पुन्हा बघावा लागणार नाही."

तोच घेतला. कोऱ्या पिशवीचं वजन मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधीच करून ठेवलं होतं. परवा बाईंनी पहिली भरलेली पिशवी काढली आणि तीही काट्यावर ठेवली. दोन खोल्या, तीन गाद्या, पाच आठवडे. पिशवीचं वजन वजा जाता धूळ भरली 430 ग्रॅम.