भोंगा

कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे काउंटीत मी गेले ती निव्वळ टाइमपास करायला. निळा समुद्र, सी-ऑटर, भरपूर फोटो, बस्स! पण कॅनरी रोवरच्या अ‍ॅक्वेरियममध्ये शिरले आणि समोर भलेमोठे बॉयलर. माशांच्या घरात बॉयलर?

ही मुळात सार्डिन डबाबंद करायची फॅक्टरी. होड्या आल्या की प्रत्येक फॅक्टरीचा वेगळा भोंगा वाजायचा. मग रात्र असो की पहाट, सिसिलियन, जपानी, फिलिपिनो कामगार धावत सुटायचे. शेजारीच चिनी कोळ्यांची वस्ती होती. ती १९०६ मध्ये जळाली, पुन्हा उभी राहूच दिली नाही. पुढे मासाही संपला. ही शेवटची फॅक्टरी १९७३ मध्ये बंद पडली. १९८४ मध्ये तिथं अ‍ॅक्वेरियम आलं.

भोंगा म्हटलं की मला आजोबा आठवतात. परळचे गिरणी कामगार. त्यांच्या गिरणीच्या जागी आज मॉल आहे. तिथं मी मजेत कॉफी पिते, कधी काही वाटलं नाही. इथं, इतक्या लांब, गलबलून आलं.

बॉयलरचा फोटो आजीला पाठवला. तिचा लगेच फोन, "त्यांनी निदान बॉयलर तरी ठेवला गं!"