आरसा, मसूर आणि मेषेचा मंगळ

इटलीच्या बहुतेक सहली फ्लॉरेन्सला एक रात्र थांबतात, मोठं चर्च बाहेरून दाखवतात, चामड्याच्या पर्सच्या दुकानात तासभर सोडतात आणि रोमकडे पळतात. आमचीही तशीच होती. पण सहल संपल्यावर मी आणि माझ्या नणंदबाई, आम्ही दोघी चार दिवस मागे राहिलो. वन्सं बहात्तर वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. फेरारा नावाच्या गावी एका वाड्याच्या भिंतीवर आपल्या वराहमिहिराच्या ग्रंथातली माणसं रंगवली आहेत, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "ती बघितल्याशिवाय मी परत यायची नाही," असं त्यांनी घरूनच सांगून ठेवलं होतं. का, ते मला विचारावं लागलं नाही.

पण आधी फ्लॉरेन्स. तुम्ही गेलात तर त्या मोठ्या चर्चच्या मधल्या दारात क्षणभर उभ्या राहा. समोर एक अष्टकोनी इमारत दिसेल. शहरातल्या मुलांचा बाप्तिस्मा तिथे व्हायचा. याच चर्चचा प्रचंड घुमट ज्याने बांधला, त्या ब्रुनेलेस्कीने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला या दाराच्या थोडं आत उभं राहून एक वीतभर मोठ्या फळीवर ती इमारत रंगवली. आकाश मात्र रंगवलं नाही. तिथे घासून चकचकीत केलेली चांदी लावली, म्हणजे खरे ढग त्यात सरकताना दिसावेत. मग फळीला भोक पाडलं. त्याचं चरित्र लिहिणारा मानेत्ती सांगतो, की भोक चित्राच्या बाजूने मसुराच्या दाण्याएवढं होतं आणि मागच्या बाजूला बायकांच्या गवती टोपीसारखं रुंद होत गेलेलं. पुरुषाने लिहिलेलं असलं तरी उपमा अगदी आपल्या घरातल्या, नाही का?

बघणाऱ्याने फळी उलटी धरायची, मागून भोकाला डोळा लावायचा आणि दुसऱ्या हाताने समोर आरसा धरायचा. आरशात चित्र दिसायचं, आणि ते खऱ्या इमारतीसारखं इतकं हुबेहूब, की माणूस चकित व्हायचा. घरीही करून बघता येईल. जुन्या पोस्टकार्डाच्या मधोमध भोक पाडा आणि पावडरच्या डबीतला आरसा समोर धरा. आम्ही तिथेच दारात केलं. पहारेकऱ्याने आमच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, पण हटकलं नाही.

यातली खरी गोम त्या भोकात आहे. डोळा एका जागी खिळला, की लांब जाणाऱ्या सगळ्या रेषा एका बिंदूत मिळताना दिसतात. हे शास्त्र काही इटलीतच उगवलं नव्हतं. बसऱ्यात जन्मलेला आणि कैरोत राहिलेला इब्न अल-हैथम अकराव्या शतकात सांगून गेला होता, की डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, वस्तूवरून उजेड डोळ्यात येतो. त्याचा अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आला, मग इटालियनमध्ये. त्या अष्टकोनी इमारतीची सोनेरी दारं घडवणाऱ्या गिबेर्तीच्या टिपणांत त्यातले लांबच्या लांब उतारे आहेत. १४३५ साली आल्बेर्तीने चित्रकारांसाठी या रीतीचं पुस्तकच लिहिलं.

तिथून चालत सान लोरेन्झो चर्चला जा. ब्रुनेलेस्कीनेच बांधलेल्या जुन्या खोलीत वेदीच्या वर एक लहान घुमट आहे. निळ्या रंगात सोनेरी राशी, सूर्य, चंद्र, ग्रह. अभ्यासकांनी हिशोब करून ते जुलै १४४२ मधलं फ्लॉरेन्सचं आकाश असल्याचं सांगितलं आहे. तोच दिवस का, यावर त्यांचं एकमत नाही. वन्सं मान वर करून म्हणाल्या, "म्हणजे ही कुणाची तरी पत्रिकाच की!"

फेराराला बोलोन्याला गाडी बदलून जाता येतं. गाव सपाट, सायकलींचं. वाड्याचं नाव स्किफानोया, म्हणजे 'कंटाळा टाळ'. आपल्याकडे असं नाव कुणी ठेवेल का? इथले सत्ताधीश देस्ते घराण्यातले. त्यांच्यातला लेओनेल्लो रोज त्या दिवसाच्या ग्रहाप्रमाणे कपड्यांचा रंग निवडायचा. त्याचा भाऊ बोर्सो याने १४७० च्या सुमारास इथल्या मोठ्या दालनात बारा महिने रंगवून घेतले. पुढे या वाड्यात तंबाखूचा कारखाना आला, भिंतींवर चुना चढला, आणि एकोणिसाव्या शतकात तो खरवडल्यावर सात महिने हाती लागले.

प्रत्येक महिन्याचे तीन पट्टे. खाली बोर्सो न्याय देतो, शिकारीला जातो. दर चित्रात तोच गोल चेहरा. वर देवदेवतांचे रथ. मार्चमध्ये मिनर्व्हाचा रथ एकशिंगी घोडे ओढतात, आणि एका बाजूला बायका मागावर आणि भरतकामाला बसल्या आहेत. भरतकामवाल्यांनी इथे जरा थांबावं. या दोन्ही पट्ट्यांत ब्रुनेलेस्कीची विद्या आहे, कमानी मागे मागे जातात. मधला पट्टा निराळाच. तिथे रास आणि तिचे तीन द्रेष्काण, मागे ना जमीन ना घर, नुसती गडद निळाई. ग्रहांच्या जागी दृष्टीचे नियम लावायचं धाडस कुणाला झालं नसावं, असं आपलं मला वाटलं.

मार्च ते मे हे महिने फ्रान्चेस्को देल कोसा याने रंगवले. २५ मार्च १४७० ला त्याने बोर्सोला पत्र लिहिलं, की मला गावातल्या सगळ्यात सुमार उमेदवाराएवढेच, फुटाला दहा बोलोन्यीनी का? बोर्सोने दर वाढवला नाही. कोसा बोलोन्याला निघून गेला. बरं केलं.

मेषेचा पहिला द्रेष्काण म्हणजे एक काळासावळा माणूस, अंगावर फाटकं पांढरं वस्त्र, कमरेला दोरी. हा कोण, ते कुणाला कळत नव्हतं. १९१२ साली रोममध्ये आबी वारबुर्ग या जर्मन विद्वानाने उलगडा केला: बगदादच्या अबू माशरने नवव्या शतकात हिंदुस्थानच्या ज्योतिषातून घेतलेली ही मूर्ती. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहज्जातकात मेषेचा पहिला द्रेष्काण असाच: कमरेला पांढरं वस्त्र, काळा, लाल डोळ्यांचा, परशू उगारलेला. शेजारची लाल वस्त्रातली बाईही आपल्याकडचीच.

द्रेष्काणाचा स्वामी मंगळ. वन्संच्या पत्रिकेत मंगळ आहे. वयाच्या एकविसाव्या वर्षापासून तीन स्थळं त्यावरून परत गेली; तिसरं तर साखरपुड्याची तारीख धरल्यावर. त्यानंतर सासऱ्यांनी पत्रिका कुणाला दाखवली नाही आणि वन्संनी लग्नाचा विषय काढू दिला नाही. घरात यावर कधी बोलणं होत नाही.

दालनात फारसं कुणी नव्हतं. वन्संनी चष्मा पुसला आणि भिंतीजवळ जाऊन मान वर करून त्या उभ्या राहिल्या. मी बाकावर बसले. बऱ्याच वेळाने त्या शेजारी येऊन टेकल्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, जरा मोठा असेल."