अन्नविषयक तक्रारीतील पुरावा : वसई-विरारच्या वकिलीतून

अन्नविषयक तक्रारीत वस्तू खराब होती की नाही, हा प्रश्न नंतरचा; तपासलेली वस्तू त्याच दुकानातून विकली गेली होती, हे आधी सिद्ध करावे लागते, आणि वसई-विरार परिसरातील वकिलीत प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेली बरीच प्रकरणे याच पायरीवर अडखळली आहेत. तबेल्याचे दूध, सुटे पनीर, केळीच्या पानात गुंडाळलेली सुकेळी असा माल येथे बहुधा बिलाविना हातोहात विकला जातो, हे त्याचे मुख्य कारण होय.

विरार पूर्वेच्या एका कुटुंबाचे प्रकरण या संदर्भात बोलके आहे. पनीर खाऊन घरातील दोघांना उलट्या-जुलाब झाले, तेव्हा उरलेले पनीर स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवण्यात आले आणि मोबाइलवर त्याचे चित्रीकरणही झाले. बिल मात्र नव्हते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 38 नुसार, तपासणीवाचून ज्या मालातील दोष ठरवता येत नाही, त्याचा नमुना जिल्हा आयोग सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तसा अर्ज झालाही. परंतु पनीर कोणत्या दुकानातले आणि डब्यात जाण्यापूर्वी ते किती वेळ बाहेर होते, या विरुद्ध पक्षाच्या दोन प्रश्नांपुढे तक्रार टिकली नाही.

अन्न व औषध प्रशासनाचा अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो, तेव्हा असे प्रश्न उरू नयेत अशीच कायद्याची योजना असते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 47 प्रमाणे नमुन्याचे चार भाग केले जातात. प्रत्येक भाग जाड कागदात गुंडाळून, त्यावर चिठ्ठी चिकटवून, विक्रेत्याची सही काही चिठ्ठीवर आणि काही वेष्टनावर येईल अशी घेतली जाते आणि मग दोरा बांधून सील लावले जाते. या मार्गाने कमी दर्जाच्या अन्नासाठी 5 लाखांपर्यंत, तर मिथ्याछाप, म्हणजे दिशाभूल करणारे लेबल असलेल्या अन्नासाठी 3 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो; मात्र दंड सरकारजमा होत असल्याने भरपाईसाठी ग्राहकाला प्रामुख्याने आयोगाकडेच जावे लागते.

याच कायद्याचे कलम 40 ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेण्याचा हक्क देते. अट एवढीच की, तसा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला कळवला पाहिजे. आजारपणानंतर जागे होणाऱ्या पक्षकाराला ही अट पाळता येत नाही, म्हणून बिल मागणे, पाकीट व लेबल जपणे, वैद्यकीय कागद ठेवणे आणि प्रशासनाकडे त्याच दिवशी तक्रार नोंदवणे, एवढेच त्याच्या हाती राहते. आयोगापुढे तक्रारीची मुदत दोन वर्षांची असली, तरी पनीरची तेवढी नसते.