खानदेशची धान्ये आणि बाळाचे उष्टावण

सुरतेहून धुळ्यामार्गे जळगावकडे येणारा महामार्ग खानदेशाला पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडतो. या वाटेवरची पिके नीट पाहिली, तर सहा महिन्यांच्या बाळाला पहिले धान्य कोणते द्यावे, याचे उत्तर वाटेतच मिळत जाते. कापूस वेचणीच्या दिवसांत सून शेतावर जाते आणि बाळ आजी-आजोबांपाशी राहते. म्हणून हे लेखन विशेषतः आपल्यासाठी.

कोंडाईबारीचा घाट मागे पडला की साक्री तालुका लागतो. त्याच्या डोंगराळ भागात, पिंपळनेरच्या परिसरात, नागली पिकते. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते अगदी नाममात्र. उष्टावणानंतरचे पहिले धान्य म्हणून नागलीची निवड उत्तम. ती रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून मोड आणावेत, वाळवून मंद आचेवर भाजावी, दळावी आणि पीठ वस्त्रगाळ करावे. मोड येताना धान्यात पिष्ट फोडणारी विकरे तयार होतात. त्यामुळे लापशी चिकट होत नाही आणि थोड्या पाण्यात अधिक पीठ मावते.

धुळ्याच्या आसपासच्या हलक्या जमिनीत बाजरी दिसू लागते. बाजरी बाळाला उष्ण पडेल, अशी शंका अनेक घरांत असते. नागली अंगवळणी पडल्यावर दोन चमचे मऊ शिजवलेली बाजरी द्यायला हरकत नाही. तिच्यात तांदळाहून लोह पुष्कळ अधिक असते. मात्र तिचे पीठ लवकर कडवट होते. ते आठवड्यापुरतेच दळून आणावे.

पांझरा ओलांडून पारोळा, एरंडोल करीत आपण जळगावकडे येतो. उत्तरेला अमळनेर-चोपड्याच्या बाजूस तापीकाठची काळी, ओल धरून ठेवणारी जमीन आहे. तेथे रब्बीत दादर ज्वारी उभी असते. येथे एक सावधगिरी बाळगावी. कोवळी ज्वारी खाऊन गुरांना विषबाधा होते, हे आपणांस ठाऊक आहेच. ज्वारीच्या कोंबातही तेच विष तयार होते. म्हणून बाळासाठी मोड नागलीला आणावेत, ज्वारीला आणू नयेत. ज्वारीचे साधे पीठ भाजून शिजवावे.

ज्वारीत अख्खे उडीद मिसळून कळण्याची भाकरी करण्याची आपली रीत शास्त्राला धरून आहे. धान्याच्या प्रथिनात जे उणे असते, ते डाळ भरून काढते. बाळासाठी तीन भाग ज्वारी आणि एक भाग मूगडाळ भाजून दळून ठेवावी. तापीपलीकडे यावल-रावेरला केळीच्या बागा आहेत. त्यांतले एक पिकलेले केळ कुस्करून लापशीत घातले की साखरेची गरज उरत नाही.

खरी चूक धान्याच्या निवडीत क्वचितच होते. ती होते पातळपणात. डाळीचे वरचे पाणी, भाताची पेज, चहात बुडवलेले बिस्कीट यांनी बाळाचे पोट भरते, पण वाढ खुंटते. त्यातच चहामुळे अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. सहा महिन्यांनंतर आईचे दूध चालू ठेवावेच, मात्र ते एकटे पुरत नाही. लापशी इतकी घट्ट असावी की चमचा तिरपा केला तरी ती ओघळू नये. तीत चमचाभर तूप किंवा तेल घालावे. आरंभी दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा. नवे धान्य एका वेळी एकच द्यावे आणि तीन-चार दिवस पाहावे.

संपूर्ण धान्य पौष्टिक, म्हणून कोंड्यासकट भरपूर द्यावे, असा अर्थ मात्र घेऊ नये. लहानशा पोटात कोंड्याने जागा अडली, तर दूध व तूप कमी जाते. प्रथम वस्त्रगाळ पीठ, आठ-नऊ महिन्यांनंतर साध्या चाळणीचे, आणि वर्षाच्या सुमारास वरणात कुस्करलेली मऊ भाकरी, हा क्रम योग्य. मीठ व साखर वर्षभर टाळावी. मध तर वर्षाआधी बोटभरही चाटवू नये. लाह्या, फुटाणे, शेंगदाणे घशात अडकतात. ते हाती देऊ नयेत.

धान्यातील लोह बाळाच्या अंगी थोडेच लागते. लापशीत लिंबाचे थेंब पिळावेत. घरात चालत असल्यास अंडे, मांस मऊ करून द्यावे. आशाताईंकडून मिळणारे लोहाचे औषध सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा, एक-एक मिलिलिटर, न चुकता पाजावे. अंगणवाडीत दरमहा वजन करून वाढीच्या तक्त्यावर नोंदवून घ्यावे. लागोपाठ दोन महिने वजन वाढले नाही, तर बाळ खेळकर दिसत असले तरी त्याला डॉक्टरांना दाखवावे.