जिरायती द्राक्षांचे गाव

आमच्या घराण्याचा द्राक्षांशी संबंध मनुकांपलीकडे कधी गेला नव्हता. त्यामुळे बार्सेलोनात लेकीकडे असताना जावईबापू म्हणाले, "बाबा, उद्या वाइनच्या गावाला जाऊ," तेव्हा सौभाग्यवतीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू तो बेत माझाच!

स्पेनच्या कातालोनिया प्रांतात प्रिओरात नावाचा डोंगराळ मुलूख आहे. बाराव्या शतकात तिथे कार्थूझियन साधूंनी मठ स्थापिला आणि द्राक्षे लावली. पुढे 1835 मध्ये मठ ओस पडला. त्या शतकाच्या अखेरीस मुळे पोखरणाऱ्या किडीने मळे बुडवले, आणि गावेही रिकामी होऊ लागली.

मला वाटले होते, नाशिकसारखे हिरवे मांडव दिसतील. पाहतो तो काय, उभ्या चढावर काळसर पाटीच्या दगडाचा नुसता खच! मांडव नाही, पाट नाही. सुटी सुटी, वाकडी खोडे मात्र ठाण मांडून उभी. ओलाव्याच्या शोधात त्यांची मुळे खडकाच्या फटींतून खोल उतरतात. जुनी वेल जेमतेम किलोभर द्राक्षे देते. पण त्यांत रस कसा, अर्कच! गार्नाचा जातीची द्राक्षे वाइनला ऊब आणि गोडवा देतात, तर कारिन्येना रंग आणि आंबटपणा. दोन्ही एकत्र आली की संसार जमतो.

मळ्याचे मालक आजोबा ऐंशीच्या घरातले. मी विचारले, "एवढ्या जुन्या वेली राखल्या कशा?"

ते हसले. जावईबापूंनी उलथा करून सांगितले, "वडिलांना उपटायच्याच होत्या. पण उपटायच्या मजुरीला पैसे नव्हते!"

1989 मध्ये काही तरुण मंडळींनी याच मुलुखातल्या द्राक्षांची वाइन बाजारात आणण्याचा घाट घातला, आणि पुढे तिचे नाव जगभर झाले.

मी एक घोट घेतला. सौ.ने नुसता वास घेतला आणि म्हणाली, "पिकल्या जांभळांसारखा येतोय हो!"

मी मात्र गप्प होतो. माणदेशात आमच्या वाटणीला सहा एकर जिरायत आली आहे. वडिलांनी ती दुष्काळातही विकली नाही. "दगडांशिवाय तिथे आहे काय?" असे म्हणून मी गिऱ्हाईक ठरवून आलो होतो, इसार तेवढा घ्यायचा राहिला होता.

परत आल्यावर गिऱ्हाइकाला नकार कळवला. त्या दगडांत काय पिकेल, ते ठाऊक नाही. पण उपटण्याची घाई आता नाही.